रानातला माल: काय आज विकायचे, काय राखून ठेवायचे

मृगाचा पाऊस दोन-चार दिवस लागला की रायगड जिल्ह्यातल्या पेण, अलिबाग, रोहा, मुरूडच्या बाजारांत शेवळे दिसू लागतात. सोबत काकडाची हिरवी आंबट फळे असतात, कारण त्या आंबटाशिवाय शेवळाची खाज मरत नाही. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी येते, मग करटोली आणि श्रावणात अळंबी. या भाज्यांची लागवड कोणी करत नाही. त्या घेऊन बसणाऱ्या बाया बहुतेक करून कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरच्या असतात. सकाळी ज्या भावाने जुडी जाते, त्याच्या निम्म्या भावाने ती दुपारी द्यावी लागते. भाजी तीच असते, गिऱ्हाईकही तेच असते. फक्त पाला मलूल झालेला असतो आणि वाडीकडच्या एसटीची वेळ झालेली असते.

हा लेख त्या बाईच्या घरासाठी, तिच्या बचत गटासाठी आणि वाडीवर शिकलेल्या तरुण मुलामुलींसाठी आहे. रानातल्या मालाचे पैसे कमी होतात ते रान कमी देते म्हणून नव्हे. माल आला त्याच दिवशी, मिळेल त्या भावाने विकावा लागतो, म्हणून ते कमी होतात. ही घाई जितकी कमी कराल, तितका त्याच रानातून जास्त पैसा घरात येईल. त्यासाठी काय करता येते, ते पुढे सांगतो.

आधी या पैशाची खरी किंमत ओळखा. किनारपट्टीवरच्या भूमिहीन घराचे वर्ष कसे जाते, ते पाहा. दिवाळी झाली की कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. जून-जुलैत लावणीची मजुरी मिळते. लावणी आटोपली की भातकापणीपर्यंत हाताला काम नसते. या महिन्यांतल्या उपासमारीसाठीच सरकारला खावटी योजना काढावी लागली. नेमक्या याच दिवसांत रान सर्वांत जास्त देते. ऑगस्टमधले तांदूळ आणि मीठ-मिरची रानभाजीच्या पैशातून भागली, तर गणपती-दिवाळीला भट्टीमालकाकडून घ्यावी लागणारी उचल तेवढी लहान होते. उचल लहान झाली की भट्टीवरचा हिशेब लवकर फिटतो, मुकादमाशी मान वर करून बोलता येते, मुलांना शाळेत मागे ठेवता येते. म्हणून टोपलीतल्या भाजीची किंमत बाजारातल्या भावावर ठरवू नका. तिने किती उचल वाचवली, यावर ठरवा.

पावसाळ्याच्या भाज्या हा या धंद्याचा एकच भाग आहे. भाद्रपदात पत्री, आघाडा, दूर्वा आणि गौरीसाठी तेरडा विकला जातो. दसऱ्याला आपट्याची पाने जातात. दिवाळीनंतर करांदे निघतात. थंडीत अलिबाग-रोह्याकडे पोपट्या लागतात, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भाजतात, आणि त्या मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला लागतो. शेतावरच्या घराला तो फुकट मिळतो, पण मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या पोपटीसाठी हॉटेलवाला तो विकत घेतो. माघ-फाल्गुनात शिकेकाई, रिठा आणि गुळवेल, चैत्रात मोहाची फुले, वैशाखात करवंदे, जांभळे, रातांबे, आणि पाऊस येण्याआधी तेलासाठी मोहट्या, म्हणजे मोहाच्या बिया. खाडीकाठच्या वाड्यांना याखेरीज चिंबोऱ्या आणि शिंपल्याही मिळतात.

प्रत्येक वाडीचे वेळापत्रक वेगळे असते. सुधागडच्या डोंगरातली वाडी आणि मुरूडच्या खाडीवरची वाडी यांना एकच यादी चालत नाही. म्हणून पहिले काम असे करा: वाडीवरच्या म्हाताऱ्या बायांना एका संध्याकाळी एकत्र बसवा आणि महिन्यामहिन्याने विचारत जा, की कोणत्या रानात काय मिळते, किती दिवस मिळते, पूर्वी मिळायचे आणि आता मिळत नाही असे काय आहे. शाळेतल्या मुलीकडून ते वहीत उतरवून घ्या. ही वही पुढे दोन ठिकाणी लागणार आहे: व्यापाऱ्याशी बोलताना आणि वनहक्काचा दावा करताना.

यादी झाली की तिचे तीन भाग करा. आजच विकावा लागणारा माल, सुकवून किंवा टिकवून ठेवता येणारा माल, आणि घरी खायचा माल. तिसरा भाग विसरू नका. अळंबी आणि करटोली यांना शहरात चांगला भाव येतो, ती विका. पण टाकळा, कुर्डू यांचे वाटे स्वस्तात देऊन त्या पैशाने दुकानातला बिस्किटाचा पुडा आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे. भाजी पोराबाळांच्या ताटात जाऊ द्या.

ताज्या मालाचा तोटा सर्वांत जास्त वाटखर्चात होतो. हिशेब करून पाहू. समजा, वाडीवरून पाच जणी बाजाराला निघाल्या, प्रत्येकीकडे 20 जुड्या आणि जाण्या-येण्याचे भाडे प्रत्येकी 60 रुपये. 100 जुड्या विकायला 300 रुपये भाड्यात गेले. त्याऐवजी पाचही जणींचा माल घेऊन दोघी गेल्या तर भाडे 120 रुपये. 180 रुपये वाचले आणि तिघींचा एक दिवस वाचला. त्या दिवसात त्या लावणीला जातील किंवा उद्याचा माल गोळा करतील. पाळी लावली की कोणावर अन्याय होत नाही. मात्र कोणाच्या किती जुड्या दिल्या, हे निघतानाच लिहून ठेवायला हवे, नाहीतर तिसऱ्या दिवशी भांडण होते आणि चांगली पद्धत मोडते.

दुसरी गोष्ट, दुपारची. उरलेला माल कोणाला द्यायचा, हे सकाळीच ठरलेले असावे. एखादी खानावळ, एखादी सोसायटी, कॉलेजचे वसतिगृह, भाजीचा कायमचा दुकानदार यांच्याशी आधी बोलून ठेवा: दुपारी इतक्या जुड्या, या भावाने. भाव सकाळपेक्षा कमी असेल, पण तो तुम्ही ठरवलेला असेल. नागाव, काशिद, दिवेआगर, श्रीवर्धनच्या पट्ट्यात घरगुती राहण्याची-जेवणाची सोय करणारी कितीतरी कुटुंबे आहेत. पर्यटक शनिवार-रविवारी येतात, म्हणून शुक्रवारी दुपारी माल पोचवायचा. गुरुवारी फोनवर मागणी घ्यायची. भाजीबरोबर ती कशी करायची याची चार ओळींची चिठ्ठी द्या. शेवळे काकडाशिवाय किंवा चिंचेशिवाय शिजवली आणि घशाला खाज सुटली, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. अळंबीच्या बाबतीत तर नियम एकच: जी तुमच्या आजीने खाल्ली आहे, तीच विकायची. ओळख जराही डळमळीत असेल तर ती टोपली रानातच रिकामी करा. कडूकंदही असाच. तो चकत्या करून, उकळून, वाहत्या पाण्यात धुऊनच खाण्याजोगा होतो. ज्याला ही रीत ठाऊक नाही, त्याला तो विकू नका.

आता सुकवायच्या मालाकडे. शासकीय शिबिरांत सांगतात की सुकवा, प्रक्रिया करा, भाव वाढेल. वाढतोच असे नाही, आणि हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. गुळवेलीचे उदाहरण घ्या. समजा, ओल्या वेलीला किलोला 8 रुपये मिळतात. 10 किलोचे 80 रुपये झाले. तीच वेल तुकडे करून सावलीत सुकवली आणि 3 किलो उरली, सुक्याला 35 रुपये भाव मिळाला, तर 105 रुपये झाले. म्हणजे तुकडे करणे, रोज पसरणे, रात्री आत घेणे, दवापासून जपणे या सगळ्याचे 25 रुपये. सुक्याला 50 चा भाव मिळत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कोणताही माल सुकवायला घेण्याआधी 5 किलो ओला माल मोजून घ्या, पूर्ण सुकवा, पुन्हा मोजा आणि तो आकडा वहीत लिहा. मग व्यापाऱ्याला दोन्ही भाव विचारा. हा एक प्रयोग केलेला गट पुन्हा फसत नाही.

सुकवण्याचा खरा फायदा भावापेक्षा वेळेत आहे. माल घरात थांबू शकतो. व्यापारी आज कमी देत असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत वाट पाहता येते, दहा घरांचा माल एकत्र करता येतो आणि दूरच्या मोठ्या गिऱ्हाइकाला देता येतो. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून थेट मोठ्या औषध कंपन्यांच्या मागण्या मिळवल्या. एकेकट्या घराला ते कधीच जमले नसते. कंपनीला टनावारी, एकसारखा, बुरशी नसलेला माल लागतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री वनधन योजनेत अशाच एकत्र येण्याला मदत ठेवलेली आहे. साधारण 300 गोळा करणाऱ्यांचे एक केंद्र, अशी तिची रचना आहे. रायगडसाठी आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय पेणला आहे. तिथे जाऊन वनधन केंद्राबद्दल आणि गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किमतींच्या यादीबद्दल विचारा. यादीतली किंमत व्यापारी देईलच असे नाही, पण ती माहीत असलेली बाई आणि माहीत नसलेली बाई यांच्याशी तो वेगळा बोलतो.

वजनकाटा गटाचा स्वतःचा हवा. गटाच्या पहिल्या पैशातून कशाची खरेदी करावी असे विचाराल, तर माझे उत्तर हेच आहे. वाडीतच मोजलेला माल बाजारात कमी भरला, तर बोलता येते.

मधाचे थोडे सविस्तर सांगतो, कारण यात पैसा आहे आणि नासाडीही आहे. पोळे हाताने पिळून काढलेल्या मधात अळ्या आणि परागही उतरतात. तो लवकर आंबतो आणि स्वस्तात जातो. पोळ्याचा मधाचा भाग तेवढाच कापा, अंडी-पिल्लांचा भाग तसाच राहू द्या. मध स्वच्छ फडक्यातून आपोआप गळू द्या, पिळू नका. घरे मेणाने बंद झालेली असतील तोच मध पिकलेला. उघड्या घरांतला आणि पावसाळ्यातला मध पातळ असतो. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे मधात 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. बाटलीवर गोळा केल्याचा महिना आणि गावाचे नाव घाला. मध, करवंदाचे लोणचे, आमसूल, जांभूळबियांची पूड असे बांधून विकायचे पदार्थ असतील, तर अन्नसुरक्षा विभागाकडे छोट्या व्यवसायाची नोंदणी करून घ्या. ‘उमेद’ अभियानाच्या किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) बचत गटांना यात मदत मिळते. पाकिटावर ‘मधुमेह बरा होतो’ असले काहीही छापू नका. आजार बरे करण्याचे असे दावे कायद्याने गुन्हा आहेत आणि त्यात अडकेल ती वाडीवरची बाई.

रान टिकले तर हे सगळे. जुन्या लोकांना हे शिकवावे लागत नाही, पण बाहेरचा व्यापारी घाई करतो आणि तरुण पोरे कोयता चालवतात. गुळवेल मुळापासून ओढू नका, जमिनीपासून हातभर सोडून वर कापा, ती पुन्हा फुटते. करटोलीची नर आणि मादी वेल वेगळी असते. फळ धरत नाही म्हणून नर वेल उपटली तर आजूबाजूच्या माद्याही वांझ राहतात. करांदा खणताना बारीक कंद त्याच खड्ड्यात परत मातीआड करा. फोडशीची पाने खुडा, गड्डा राहू द्या. एका जागेवरची सगळी शेवळे काढू नका, थोडी बी धरायला ठेवा. आपट्याची फांदी तोडण्यापेक्षा पाने आणि कोवळे शेंडे घ्या. मोहाखाली फुले स्पष्ट दिसावीत म्हणून पाचोळा पेटवण्याची सवय मात्र पूर्ण बंद व्हायला हवी. त्या आगीत येत्या पावसाळ्याची भाजी आणि मोहाची रोपे जळतात. जुन्या साड्या जोडून झाडाखाली अंथरा. फुले पहाटे पडतात, ती स्वच्छ मिळतात आणि वेचायला वेळही कमी लागतो. मोहाच्या फुलांचा मोठा साठा करण्याआधी उत्पादन शुल्क विभागाचे नियम विचारून घ्या.

आणि आता हक्क. इथे बहुतेक जण कंटाळतात, पण वरचे सगळे याच्यावर उभे आहे. वनरक्षकाने टोपली अडवली की भाव, काटा, चिठ्ठी काहीच उपयोगाचे नाही.

रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू होत नाही. इथल्या वाड्यांचा आधार आहे तो 2006 चा वनहक्क कायदा. या कायद्याने परंपरेने गोळा केले जाणारे गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि त्या मालाची मालकीही. त्यात बांबू, मध, मेण, पाने, कंद, मुळे, औषधी वनस्पती येतात, लाकूड येत नाही. खाडी-नदीतल्या मासळीवरच्या वहिवाटीचीही त्यात वेगळी तरतूद आहे. 2012 च्या सुधारित नियमांनी आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. या मालावर कसलीही रॉयल्टी किंवा फी घेता येत नाही, आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देते.

वैयक्तिक प्लॉटचे दावे अनेकांनी केले. सामूहिक हक्काचा दावा मात्र मागे राहतो, आणि रानातल्या मालासाठी तोच महत्त्वाचा. सामूहिक हक्कासाठी नमुना ख, आणि सामूहिक वनसंपत्ती राखण्याच्या हक्कासाठी नमुना ग. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, समिती दावा तपासते, ग्रामसभा ठराव करते. मग तो उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. दोन तरी पुरावे जोडायचे. म्हाताऱ्या माणसांचे लेखी निवेदन हा पुरावा चालतो, पण ते निवेदन दावेदारांखेरीज इतरांचे हवे. गॅझेटिअर चालते. 1883 चे कुलाबा-जंजिऱ्याचे गॅझेटिअर आहेच, त्यात कातकऱ्यांची माहिती आहे. तुमच्या वहीतले बारा महिन्यांचे वेळापत्रकही सोबत जोडा. कातकरी हा राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे आणि अशा गटांच्या वसतिस्थानाच्या हक्काचीही कायद्यात सोय आहे. आगरी, कुणबी, धनगर अशा बिगर आदिवासी घरांनाही दावा करता येतो, मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते.

काही हद्दी नीट ओळखा. फणसाड आणि कर्नाळा ही अभयारण्ये आहेत, तिथे परवानगीशिवाय काही काढले तर गुन्हा दाखल होतो. तिथली जुनी वहिवाट असेल तर तिचाही दावा करता येतो, पण आधी दावा, मग टोपली. खारफुटी तोडू नका, सरपणालाही नाही. मालकीच्या जमिनीतले रान असेल तर मालकाशी बोलून घ्या. अलिबाग-मुरूड पट्ट्यात जमिनी विकल्या जातात आणि कालपर्यंतची पायवाट अचानक कुंपणाआड जाते. गावातल्या जाणत्यांनी नव्या मालकाशी सुरुवातीलाच वाटेची बोलणी केली तर पुष्कळदा ती सुटते, उशीर झाला की कोर्टकचेरी होते.

हा हक्क फुकट मिळालेला नाही. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मे झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होते. त्यांच्याच जिल्ह्यातल्या बाईने करवंदांची पाटी घेऊन जाताना भ्यावे, हे मला सहन होत नाही.

शहरातल्या वाचकांनाही एक विनंती. पावसाळ्यात अलिबाग-मुरूडकडे आलात तर रस्त्याकडेची रानभाजी भाव न पाडता घ्या, घरून पिशवी न्या आणि ती कशी शिजवायची हे विकणारीलाच विचारा. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथेही जा. पण महोत्सव एक-दोन दिवसांचा असतो, तिचा बाजार रोजचा आहे.

वाडीवरच्या वाचकांनी मात्र कॅलेंडरकडे पाहावे. वनहक्काच्या ठरावाला ग्रामसभेत निम्मे सभासद हजर लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. 26 जानेवारीला आणि 1 मे रोजी अर्धी वाडी भट्टीवर असते, तेव्हा ही संख्या भरत नाही. 15 ऑगस्टला सगळे घरी असतात. यंदा त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर घरी परतू नका. वही घेऊन ग्रामसभेत बसा, सामूहिक हक्काचा विषय मांडा आणि ठरावाची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.